बाबा, विसर तुम्हाला पडलेला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या कॉम्प्युटरच्या कामांचा विषय काढला की बाबा "हं, हं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आईलाही मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे मधला एखादा परिच्छेद गाळता येणार नाही.

आधी ठरलंय ते सांगून टाकते. बँकेचं, वीजबिलाचं, आरक्षणाचं ऑनलाइन काम तुम्ही माझ्यावर सोपवायचं म्हणता, ते मी माझ्याकडे घेणार नाही. ते तुम्हीच करायचं, तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या टेबलावर. आईकरवी पासवर्डच्या चिठ्ठीचा फोटो पाठवलात तो मी वाचलासुद्धा नाही, काढून टाकला. आईच्या फोनमधूनही तो काढा आणि पासवर्ड आजच बदला. दादालाही कळवलंय, नवा लॅपटॉप मागवू नकोस म्हणून. तो थोडा फुरंगटलाय, पण होईल ठीक.

मुलगी हात झटकतेय असं वाटू देऊ नका. मला ते सगळं करायला कितीसा वेळ लागणार, चहा पिता पिता होईल. पण ओटीपी तुमच्या फोनवर येणार, म्हणजे दर वेळी मी फोन करायचा, तुम्ही आकडा शोधायचा, तोवर त्याची मुदत संपायची. दुसऱ्याला पासवर्ड देऊ नका असं बँक स्वतःच सांगते, आणि पोस्टात असताना नियमाबाहेर तुम्ही कधी एक पाकीटसुद्धा सोडलं नाहीत. शिवाय खातं तुम्हा दोघांचं आहे, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं, त्यामुळे अडीनडीला आई आहेच. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण वेगळंच आहे.

आईने मला सांगितलं. बाबा, तिच्यावर रागावू नका, मी खोदून खोदून विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही तिला म्हणालात, "काल हेच बटण दाबलं तेव्हा उघडलं, आज उघडत नाही. काहीतरी विसरतोय मी. आता माझ्याच्याने होत नाही." आणि मग डॉक्टरांकडे जायची गोष्ट काढलीत. हे ऐकल्यापासून ऑफिसात माझं लक्ष लागेना. तुमच्या डोळ्यांदेखत हे चाललेलं आणि मी इथे बंगळुरूत बसून नुसती "रिस्टार्ट करा" म्हणून सांगणार!

तर बाबा, तुम्ही काहीही विसरत नव्हता. बिघाड होता, तो सापडला, आणि तो सापडला तुमच्या वहीमुळे.

आईने वहीच्या पानांचे फोटो पाठवले होते. तारीख, वेळ, कोणती साईट, काय झालं, असे चार रकाने, पट्टीने आखलेले. "मुखपान आले. खात्याचा उतारा मागितला. अर्धे पान आले. गोल फिरत राहिले." खाली दुसऱ्या शाईत, "याच वेळी हिच्या फोनवर नीट उघडते." त्याखाली, "बातम्यांची साईट बरी चालते." बाबा, मी दिवसभर ज्या लोकांबरोबर काम करते त्यांच्यातल्या निम्म्यांना बिघाडाची अशी नोंद करता येत नाही. ते नुसतं "नेट चालत नाही" लिहून मोकळे होतात. अशी वही ठेवणाऱ्या माणसाला विसर पडलाय हे मी कशी मानू?

शेजारचे काका म्हणाले ना, "ता लिनक्स काढून टाका, मगे सगळा चलतला"? त्यांचं मन मोडू नका, पण ऐकूही नका. विंडोज दहाला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला रामराम ठोकला आणि विंडोज अकरा आपल्या त्या जुन्या डब्यावर चढत नाही. विंडोजच्या जागी हे लिनक्स मिंट मी हौसेपोटी नाही टाकलं. चांगलं चालणारं मशीन भंगारात द्यायला माझा जीव होईना, आणि तुमचाही झाला नसता.

आता शोध कसा लागला ते. तुम्हाला यात रस आहे हे मला माहीत आहे, आईला नसेल. आई, तू तोवर कुकर बघून ये.

नेट तुटत असेल तर सगळंच तुटायला हवं. म्हणून आधी छोटे छोटे पिंग, म्हणजे नुसती पोच मागणारे चाचणीचे संदेश, पाठवायला लावले. ५६ बाइटचे ते सगळे गेले आणि परत आले, एकही गळला नाही. म्हणजे वायर, राउटर, लाईन ठीक. मग साईटच्या नावाचा पत्ता मिळतोय का ते पाहिलं, तो चटकन मिळत होता. घड्याळ मागे पडलं की सुरक्षित साईट अडवून धरतात, तर घड्याळही बरोबर. आयपीव्ही सहा नावाचा एक नवा मार्ग असतो, तो अर्धवट चालू असला की असाच खेळखंडोबा होतो, पण तुमच्या नेटवाल्याने तो दिलेलाच नाही. उरलं काय? लहान ते जातं, मोठं ते अडकतं.

मग मोठे पिंग पाठवले, वाटेत तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून. आठवतंय ना, तुम्ही टाइप करत होता आणि आई फोन उलटा धरून मला पडदा दाखवत होती? १४७२ टाकलं तर अडलं. १४६४ टाकलं तर सुरळीत गेलं. मी सांगितलं की प्रत्येकावर २८ बाइटचं वेष्टन असतं. त्यावर मी कागद ओढेपर्यंत तुम्ही म्हणालात, "म्हणजे पंधराशे जात नाही, चौदाशे ब्याण्णव जातं. आठचा फरक." तोंडी! आणि हा माणूस म्हणतो माझ्याच्याने होत नाही.

तो आठचा फरकच सगळ्याचं मूळ. नेटवाल्याचा तो मुलगा येऊन नेटचा डबा बदलून गेला ना, त्याने नवा डबा माहिती नुसती आरपार सोडणारा ठेवला आणि लॉगिनचं काम आपल्या जुन्या राउटरकडे दिलं. त्या लॉगिनच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. ती नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर आपली आठ बाइटची पट्टी चिकटवते, त्यामुळे आत १५००ऐवजी १४९२च मावतात. सहसा राउटरच समोरच्याला आधीच "जरा लहान पाकिटं पाठव" असं परस्पर कळवून टाकतो. आपला जुना राउटर ते कळवत नाही, आणि कॉम्प्युटर सगळ्यांना सांगत बसतो की माझ्याकडे १५००चं चालेल.

तुमच्या भाषेत सांगायचं तर पार्सल थैलीत मावलं नाही. मधल्या ऑफिसने ते अडवलं आणि पाठवणाऱ्याला चिठ्ठी धाडली, की माप जास्त आहे, लहान करून पाठवा. नियम तसाच आहे, आरएफसी ११९१ नावाच्या इंटरनेटच्या नियमपत्रात नोव्हेंबर १९९०मध्ये लिहिलेला. पण पाठवणाऱ्याच्या दारावरचा पहारेकरी अशा चिठ्ठ्या आत सोडतच नाही. मग तो बिचारा तेच पार्सल पुन्हा पाठवतो, पुन्हा अडतं, आणि इकडे तुम्ही गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसता. हे दुखणं इतकं जुनं आहे की याला ब्लॅक होल असं नावच पडलंय.

कधी उघडायचं आणि कधी नाही, तेही यातच आलं. एका साईटच्या नावामागे पुष्कळ सर्व्हर असतात. एखाद्याचा पहारेकरी चिठ्ठी आत सोडतो, एखाद्याचा सोडत नाही. काही पानं मुळातच लहान. काहींचे तुकडे कॉम्प्युटरने आधीच जपून ठेवलेले. आईचा फोन वायफायवर नसतोच, तो स्वतःच्या सिमवर चालतो, म्हणून तिथे सगळं ठणठणीत. तुमचं बटण रोज तेच होतं, बाबा, आणि रोज बरोबरच होतं.

इलाज पाहिलात तर हसाल. नेटवर्क कनेक्शन्समध्ये, वायरच्या जोडणीत, इथरनेटच्या पानावर एमटीयू, म्हणजे पाकिटाचं जास्तीत जास्त माप, असा रकाना आहे. तिथे "ऑटोमॅटिक" होतं. तुम्ही माझ्या सांगण्यावरून १४९२ घातलंत, जोडणी बंद करून चालू केलीत, आणि उतारा भसकन उघडला. वेग तसूभरही कमी होत नाही, काळजी करू नका. राउटर बदलून हे मुळातूनच मिटवता येईल, ते मी आल्यावर बघू. तोवर घाई नाही.

लहानपणी शाळा सुटली की मी पोस्टात यायचे, आठवतं? तुम्ही पार्सलवर लाख ओतायचात, वितळलेल्या लाखेचा तो वास, आणि मी हात पुढे केला की मनगटावर तारखेचा शिक्का मारून द्यायचात. "आजची तारीख आहे, उद्या चालणार नाही," असं गंभीर तोंड करून. मी तो हात पाण्याला लागू द्यायचे नाही. आई मग जेवताना ओरडायची. एखादं पाकीट पोचलं नाही तर तुम्ही कधी स्वतःला दोष दिला नाहीत, कुठल्या टप्प्यावर अडलं ते आधी शोधायचात. मग या खेपेला काय झालं?

आता थोडं ऐका.

डॉक्टरांकडे मात्र जायचंच. कॉम्प्युटरचा दोष निघाला म्हणून ते रद्द करायचं नाही. या वयात बी बारा आणि थायरॉईड एकदा बघून घेतलेलं बरं, रक्त द्यायचं आणि घरी यायचं, एवढंच. घाबरण्यासारखं काही दिसतंय म्हणून म्हणत नाही. तुमच्या मनातली शंका जायला हवी म्हणून म्हणते. रक्तदाबाची गोळी ठरल्या वेळी घ्या, "आज बरं वाटतंय" म्हणून ठेवून देऊ नका. आणि बँकेत चालत जायचं खूळ काढून टाका. दुपारच्या उन्हात तर अजिबात नाही. जायचंच असेल तर रिक्षा.

हयातीच्या दाखल्याची धास्ती नको. नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन तो करून देतो, आपल्या कॉम्प्युटरचा त्यात काही संबंध नाही. तुमच्याच खात्याचा माणूस तुमच्या दारात येणार, तर त्याला चहा दिल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही हे माहीत आहे. पण त्याच्या कामाच्या चुका काढत बसू नका.

टेबलाची सोयही लावून ठेवलीय. राउटरपासूनची वायर पडवीतून आडवी जाते ती भिंतीच्या कडेने पट्टीत बसवायला वायरमनला सांगितलंय, पैसे दिलेत, आई, तू पुन्हा देऊ नकोस. अंधारात तुझा पाय अडकेल म्हणून मला रोज भीती वाटते. राउटरला छोटा बॅकअप येईल, म्हणजे वीज गेली तरी बाबांचं अर्ध्यावर अडणार नाही. अक्षरं मोठी करायची आहेत, ती फोनवर सांगते. खुर्चीची गादी बदला, बाबा, ती आता नुसती फळी झालीय.

नोंदवही बंद करू नका. एखादी साईट अडली तर आधी छोटा पिंग, मग १४६४चा. कुणी येऊन नवी जोडणी बनवून दिली तर तो रकाना पुन्हा "ऑटोमॅटिक" होईल, तेव्हा आधी तिथे बघा. एवढं करून नाही जमलं तर मला लावा, कितीही वाजलेले असोत. मी काम घेत नाही म्हणाले, फोन घेत नाही असं म्हणाले नाही. रविवारी सकाळी मी तशीही करतेच.

आई, तुझ्या गुडघ्याचं तेल वेगळ्या पार्सलने येतंय. संपेपर्यंत लाव, अर्धी बाटली कपाटात जमवून ठेवू नकोस. आणि राउटरवर घातलेला तो विणलेला रुमाल काढ. सुंदर आहे, पण खाली डबा तापतो.

तुमची,
मनू

ता. क. : दादाचा फोन आला आणि तो लॅपटॉपचं पुन्हा बोलला, तर बाबा, त्याला विचारा, पंधराशेतून आठ गेले की किती.