फणसाच्या फळ्या विकू नकोस

कोल्हापूर
२३ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा आलं. गॅरेजमध्ये पुन्हा कामाचं टेबल उभं करतोयस हे वाचून इतका आनंद झाला की तसाच उठलो आणि बायकोला पत्र वाचून दाखवलं. चिपळूणच्या त्या पुरानंतर तू हत्यारांचं नावसुद्धा काढत नव्हतास. वहिनी फोनवर म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही तरी बोला त्यांच्याशी." मी बोललो नाही, कारण माझीही वस्तू अशी गाळात गेली असती तर मलाही कोणी बोललेलं चाललं नसतं. आता टेबलाचा टॉप, म्हणजे वरचा पृष्ठभाग, कशाचा करू असं तू स्वतःहून विचारतोयस, तर जे माहीत आहे ते सगळं लिहितो. पत्र लांबेल, सवडीने वाच.

आधी सर्वात महत्त्वाचं. माळ्यावरच्या फणसाच्या तीन फळ्या त्या मागायला आलेल्या माणसाला विकू नकोस. ते पैसे घालून तयार सनमायका लावलेला टॉप घ्यायचा तुझा विचार मला अजिबात पटलेला नाही. आजोबांनी चिरून ठेवलेलं, चाळीस वर्षं सावलीत वाळलेलं लाकूड आज वखारीत पैसे देऊनही मिळत नाही. त्यातली एक फळी या टेबलाला लागणार आहे. कुठे आणि कशी, ते पुढे लिहितो.

जुलै २०२१ मध्ये पाणी ओसरल्यावर आठवड्याने मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? तुमच्या गल्लीत दारोदार ढीग लागले होते. मी चिखल उपसता उपसता ते ढीग बघत होतो. पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून भिजलेल्या पेंडीसारखी झाली होती, हाताने चिमटा घेतला तरी तुकडा निघायचा. स्वस्त प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. आणि तुझ्या शेजारच्या काकांचं ऐनाचं जुनं दार त्याच ढिगाला टेकून उभं होतं. चिखलाने माखलेलं, पण सरळ. काकांनी ते धुतलं आणि परत चौकटीत बसवलं. टेबलाच्या टॉपचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर तोच ढीग येतो. चिपळुणात टॉप निवडायचा म्हणजे पाण्याचा विचार आधी, किमतीचा नंतर.

माझा पहिला टॉप जुन्या कॉम्प्युटर टेबलाचा होता, पार्टिकल बोर्डाचा. फुकट मिळाला म्हणून घेतला. वर व्हाइस, म्हणजे काम पकडून ठेवणारा लोखंडी जबडा, बसवला आणि तिसऱ्या महिन्यात एक पट्टी वाकवताना व्हाइस बोल्टांसकट उपटून हातात आला. भोकात नुसता भुसा. त्यात स्क्रू धरायला आडवे-उभे धागेच नसतात, भुसा आणि डिंक दाबून केलेली ती वस्तू. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, त्यापेक्षा बरा, सपाट तर फारच छान, पण ओल लागली की कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. तुमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतींनाच घाम येतो, तिथे एमडीएफ नकोच.

दुसरा टॉप जुन्या बाजारातून आणलेलं फ्लश दार. हा सल्ला तुलाही कोणी देईल आणि तो वाईट नाही. दार जाड असतं, बऱ्यापैकी सपाट असतं, लांबी-रुंदीही टेबलाला साजेशी. माझं दार चार वर्षं टिकलं. पण एक दिवस टेबलाखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली. झाडली, दुसऱ्या दिवशी परत. आतल्या पट्ट्या हलक्या लाकडाच्या, त्यात भुंगा लागला होता. वरचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, शाबूत आणि आतून पोखरलेलं. जुनं दार घ्यायचंच झालं तर खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात का ते बघावं, आणि बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून आवाज ऐकावा.

लोखंडी पत्र्याबद्दल विचारलंयस. इथे उद्यमनगरात बहुतेक शेडमध्ये पत्र्याचेच टॉप आहेत आणि नुसतं लोखंडाचं काम असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. पण तू लाकूडही करणार, आणि खारट दमट हवेत पत्र्याला गंज चढून प्रत्येक फळीला तपकिरी डाग पडणार. शिवाय पटाशी हातातून निसटली की धार गेलीच. तेलकट कामासाठी पत्र्याचा एक ट्रे वाकवून घे, तो वर ठेवायचा आणि काम झालं की उचलायचा. तुझे मेहुणे म्हणतात तो कडप्पा मात्र नको. ओट्याला ठीक, हातोड्याखाली तो एका घावात तडकतो. फूटभराचा तुकडा तेवढा ठेव, त्यावर वॉटर पेपर चिकटवून पटाशीला धार फार सुरेख लागते.

आता माझं मत. आयटीआयमधली आपली बेंच आठव. चौकोन कानसताना आपण किती जोर लावायचो, पण टेबल हललं असं कधी झालं नाही. काम करताना सगळा मार टेबलाच्या पुढच्या आठ-दहा इंचांत बसतो. व्हाइस तिथे, हातोडा तिथे, करवतीचा दाब तिथे. मागचा भाग डबे, ड्रिल, चहाचा कप ठेवायला. मग सगळीकडे सारखं महाग सामान कशाला? पुढे फणसाची फळी टाकायची, मागे प्लाय. आणि प्लायवर एक पातळ थर असा, जो खराब झाला की फेकून देता येईल.

मापं अशी बसतात. ८ बाय ४ ची १९ मिलीमीटरची एकच शीट घे. लांबीत तीन पट्ट्या पाड, प्रत्येक जवळजवळ १६ इंचाची. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या की ३८ मिलीमीटर. तिसरी खालच्या फडताळाला. वर ६ मिलीमीटरची कमर्शियल प्लाय, नुसत्या स्क्रूवर, चिकटवायची नाही. झाले ४४ मिलीमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. तुझी फळी दोन इंची आहे, ती रंधून पावणेदोनवर आली की दोन्ही भाग एका पातळीत! हे गणित कागदावर जुळलं तेव्हा मी रात्री साडेदहाला तुला फोन लावणार होतो. फक्त क्रम चुकवू नकोस. १९ म्हणून विकलेली प्लाय बरेचदा १८ च भरते. म्हणून आधी प्लाय चिकटव, वरचा थर ठेवून जाडी मोज, आणि मग त्या मापाला फळी रंधून घे. फळीतून काढता येतं, प्लायमध्ये भरता येत नाही.

दोन पट्ट्या चिकटवायच्याच. नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर ताकद दुप्पट होते, पण पक्क्या चिकटवल्या की वाकायला होणारा विरोध आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. स्वस्तात जाड टॉप मिळवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

प्लाय मात्र बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारी, घे, आयएस ७१० चा शिक्का बघून. ती ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवली तरी थर सुटता कामा नयेत अशी तिची कसोटी असते. मी इथे साधी एमआर, म्हणजे नुसती ओल सोसणारी, वापरली, तिला आयएस ३०३ चा शिक्का असतो. कोल्हापुरात माझ्या शेडमध्ये पाणी येत नाही म्हणून चाललं, तुझ्याकडे चालणार नाही. दुकानात शीटची कड चारही बाजूंनी बघ. थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या की ती बाजूला ठेवायला सांग. मला एकदा एका दुकानदाराने वरून देखणी शीट दिली होती, कापल्यावर आत करंगळी जाईल एवढी पोकळी निघाली. आणि भिंतीला तिरक्या टेकवलेल्या शीटमधली घेऊ नकोस, आडव्या रचलेल्यातली माग.

आता चिकटवण्याबद्दल, कारण माझी खरी चूक तिथे झाली. मी पट्ट्या गच्चीवर चिकटवल्या. जागा मोकळी, ऊन छान, वर चार सिमेंटची पोती ठेवली. दुसऱ्या दिवशी पोती काढली आणि टॉप टेबलावर ठेवला तर तीन कोपरे टेकले, चौथा दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर. किती वेळ मला कळेचना काय झालं. मग लक्षात आलं, गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी मोरीकडे उतार असतो, तोही दोन दिशांनी. डिंक सुकताना टॉपने गच्चीचा पीळ जसाच्या तसा घेतला. एकदा डिंक बसला की तो पीळ निघत नाही. शेवटी चौथ्या पायावर पाचर मारून भागवलं, पण व्हाइस त्याच कोपऱ्यात असल्याने ते आजही मला खुपतं.

म्हणून तू जिथे चिकटवशील ती जागा आधी तपास. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणून बांध, एकमेकींना छेदतील अशा. चारही कोपऱ्यांवर दोऱ्या सारख्याच उंचीवर असतील आणि मध्ये एकमेकींना जेमतेम शिवत असतील तर पीळ नाही. मध्ये फट दिसली किंवा एक दोरी दुसरीला दाबत असली तर जागा बदल. डिंक पाण्याला टिकणारा मरीन घे, नेहमीचा पांढरा नको. खालच्या बाजूने वीतभर अंतरावर स्क्रू मार, म्हणजे दाबून धरायचे शिकंजे (क्लॅम्प) कमी असले तरी अडत नाही. माझ्याकडचे चार मी आणतो.

फळी आणि प्लाय यांच्यामध्ये दोन सूत फट सोड. ही विसरू नकोस. प्लाय पावसाळ्यात फारशी हलत नाही, पण दहा इंची अखंड फळी जूनमध्ये रुंदीत फुगते आणि डिसेंबरात आखडते. दोन्ही घट्ट भिडवलंस तर एक तरी उचलणारच. फळीचे बोल्ट मागच्या बाजूला लांबट भोकांत घाल, म्हणजे तिला सरकायला जागा राहील. रंधायला गिरणीत देण्याआधी जुना लोहचुंबक फळीवरून फिरव. माळ्यावरच्या फळ्यांना कोणी कधी खिळा मारला असेल तर गिरणीवाल्याचं पातं जाईल.

खर्च मी इथल्या दुकानात विचारून आलो. बीडब्ल्यूपी १०५ रुपये चौरस फुटाने ३२ चौरस फुटांचे ३,३६०. सहा मिलीमीटरची अर्धी शीट ५२५. डिंक ४००, स्क्रू-बोल्ट २५०, रंधाई ३०० धर. एकूण ४,८३५. पाच हजारांच्या वर जाणार नाही असं तू लिहिलंयस, त्यात बसतं. चिपळुणात भाव थोडा वर-खाली असेल. पायांना तुझ्याकडचे जुने वासे आहेतच.

उंचीसाठी आपल्या सरांचं तेच माप, व्हाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला. तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच, माझ्या टेबलाचं माप उचलू नकोस. आणि व्हाइस पायाच्या बरोबर वर बसव, दोन पायांच्या मधोमध नको.

टॉप सांगाड्याला कायमचा ठोकू नकोस. सहा बोल्टांवर ठेव. चिकटवलेल्या प्लायचं वजन पंचवीस किलोच्या आसपास होईल, फळी त्याहून हलकी. इशारा आला की पाना घेऊन दहा मिनिटांत दोन्ही सुटे करून तू आणि मुलगा जिन्यावर नेऊ शकाल. हे मी तुझ्या मनात भीती घालायला लिहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोरून तुझा तो रंधा जात नाही, ज्याच्या तोंडातला गाळ तू सुईने काढत बसला होतास.

शेवटचं एक. फळीला जवसाचं तेल पाज, पातळ हात, एक सुकला की दुसरा. फणसाचा पिवळा रंग त्याने हळूहळू मधासारखा होत जातो. पण तेलाचे बोळे गोळा करून टाकू नकोस. मी एकदा रात्री बादलीत टाकून झोपलो आणि सकाळी बोळा उचलला तर हाताला चटका बसेल इतका गरम, वास करपल्यासारखा. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या चिंधीत ती कोंडते, त्यातून आग लागते. माझ्या बादलीशेजारी थिनरचा डबा होता. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी निघतो. कराडवरून कुंभार्ली घाटाने उतरेन, दुपारपर्यंत पोचेन. चिकटवायचं काम आपण दोघं करू, एकट्याने डिंक पसरून शीट सरळ ठेवायला जमत नाही. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं जेवायला आमसुलाचं सार हवंच.

त्याआधी एवढं कर. तिन्ही फळ्या माळ्यावरून खाली घे, भिंतीला न टेकवता खाली तीन लाकडी ठोकळे ठेवून आडव्या रच, आणि प्रत्येकीची रुंदी दोन टोकांना व मध्ये मोजून मला कळव. जी सर्वात कमी वाकलेली असेल तिच्यावर खडूने खूण कर.

तुझाच,
मित्र