आधी उभे करून बीपी मोजायला शिकवा

संपादक महोदय,

नव्याने पदवी घेतलेला डॉक्टर वृद्धरोग विभागात रुजू झाला की त्याच्या वाट्याला बहुधा रिपोर्ट गोळा करणे आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणे येते. म्हातारा रुग्ण कसा तपासायचा हे बघून बघून येईल, असे वरिष्ठ धरून चालतात. ते तसे येत नाही.

साधे उदाहरण बीपीचे. पडल्यामुळे दाखल झालेल्या प्रत्येक वृद्धाचे बीपी उभे करून मोजायला हवे, पण केसपेपरवर असते ती बसून घेतलेली एकच नोंद. रुग्णाला 5 मिनिटे आडवे राहू द्यायचे, बीपी घ्यायचे, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यायचे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर पडण्याचे कारण तिथेच असू शकते. गफलत होते ती हाताची. उभ्या रुग्णाचा हात खाली लोंबत राहिला तर पट्टा हृदयाच्या पातळीखाली जातो, आकडा खोटाच वाढून येतो आणि घसरण झाकली जाते. हात छातीच्या उंचीवर धरून ठेवावा लागतो. मध्येच चक्कर आली तर तिसऱ्या मिनिटाची वाट पाहायची नाही. लगेच आडवे करायचे आणि तशी नोंद करायची. नाडीही सोबत मोजावी. बीपी उतरूनही ती जेमतेम वाढली, तर बीपी आणि नाडी आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा दोष असू शकतो, मात्र नाडी मंद करणारे बीटा ब्लॉकर औषध चालू असेल तर हा अंदाज फसतो.

दुसरी फसगत क्रिएटिनिनची, म्हणजे स्नायूंतून रक्तात येऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या घटकाची. 82 वर्षांच्या, 42 किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन 1.0 आले की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसते आणि औषधे नेहमीच्या डोसात लिहिली जातात. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र कागदावर मांडून बघा: 140 मधून वय वजा करून 58, गुणिले 42, भागिले 72, आणि स्त्री म्हणून गुणिले 0.85. उत्तर येते मिनिटाला सुमारे 29 मिलिलिटर, म्हणजे मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले. स्नायूच उरले नाहीत, तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? अशा बाईंना हृदयासाठीचे डिगॉक्सिन किंवा मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन नेहमीच्या डोसात दिले की ते अंगात साचत जाते.

औषधांची साखळी ओळखणे हाही सरावाचाच भाग. बीपीच्या अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड येते, त्याने लघवीची घाई होते, घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, आणि त्याने रुग्ण गोंधळतो. चौथी गोळी लिहिण्याआधी पहिलीपाशी जायला कोणीतरी शिकवायला हवे.

गोंधळाचेच घ्या. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. डिलिरियममध्ये, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळात, गप्प पडून राहणारा मात्र ‘शांत झोपला आहे’ म्हणून सुटतो. डिलिरियम ओळखायच्या फोर-ए-टी चाचणीला दोन-चार मिनिटे लागतात. रुग्ण किती सावध आहे ते पाहायचे, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचे, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावायचे आणि हा बदल अचानक झाला का, ते घरच्यांकडून काढून घ्यायचे. गुण 4 किंवा जास्त आले तर डिलिरियम धरून कारण शोधायचे: तुंबलेली लघवी, मलावरोध, न सांगितलेली वेदना, नवे औषध, घरी राहिलेले श्रवणयंत्र. इथे नवशिक्या डॉक्टरचा हात हमखास लघवीतला जंतुसंसर्ग तपासायच्या पट्टीकडे जातो. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. पट्टी पॉझिटिव्ह येते, अँटिबायोटिक सुरू होते आणि खरे कारण तसेच राहते. उलट खरा संसर्ग असलेल्या वृद्धाला ताप येईलच असेही नाही.

हे वर्गात शिकवून भागणार नाही. वरिष्ठाने महिन्यातून निदान दोनदा नव्या डॉक्टरची एक पूर्ण तपासणी शेजारी उभे राहून पाहावी. रुग्ण खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जातो, वळतो आणि परत येऊन बसतो, तेवढे घड्याळ लावून बघणेही त्यात यावे. 12 सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात. आणि लॉगबुकात लघवीसाठी किती कॅथेटर (नळ्या) घातले याचा रकाना असतो, त्याला लागूनच किती वेळेवर काढले याचाही रकाना छापावा.

– वृद्धरोगशास्त्र शिकवणारे काही डॉक्टर