पाडव्याचं टेबल आणि गणिताची वही

पुणे, 8 फेब्रुवारी 2026

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या हेगच्या शाळेच्या सांस्कृतिक आठवड्यात गुढीपाडव्याचं टेबल तुझ्या गटाकडे आलंय आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातल्या गणिताच्या एक्सप्लोरेशनचा, म्हणजे स्वतः शोधून लिहायच्या गणिती निबंधाचा, विषयही याच महिन्यात ठरवायचाय. दोन्हींचं मूळ एकच ठेवता येईल. फक्त कुठलं काम कुठल्या वहीत जाणार, हे आधी ठरव. कारण मग पुढे लिहिते.

आधी तारीख बघ. यंदा पाडवा 19 मार्चला, गुरुवारी, म्हणजे ऐन शाळेच्या दिवशी आहे. तुझ्या वर्गातल्या इराणी आणि अफगाण मुलांचा नवरोज 20-21 मार्चला, आणि रमजान ईदही 20 च्या आसपास. तिन्ही सण एकाच खिडकीत आलेत. टेबलावर कागदाचे झेंडे आणि करंज्यांचे फोटो लावण्यापेक्षा हेच दाखव. एक लांब पट्टी घे, तिच्यावर तीन ओळी आणि 2021 ते 2027 ही वर्षं आख. नवरोजची ओळ जवळजवळ सरळ जाते, कारण तो वसंतसंपाताला, म्हणजे सूर्याला बांधलेला आहे. ईद दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते, कारण हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, साधारण 354 दिवसांचं. आपला पाडवा मात्र मागे-पुढे उड्या मारतो: 2021 मध्ये 13 एप्रिल, मग 2 एप्रिल, 22 मार्च, आणि 2024 मध्ये एकदम 9 एप्रिल. पुढे 30 मार्च, यंदा 19 मार्च, 2027 मध्ये पुन्हा 7 एप्रिल. दोन वर्षं दहा-अकरा दिवसांनी मागे यायचं आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जायचं. ही पुढची उडी अधिक मासाची. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे.

खरी गंमत पुढे आहे. 2023 मध्ये पाडवा 22 मार्चला आणि ईद एप्रिलच्या एकविशीत, म्हणजे दोन्हींत महिन्याचं अंतर होतं. अधिक श्रावणाने पाडवा महिनाभर पुढे गेला आणि 2024, 2025, 2026 अशी तीन वर्षं दोन्ही सण एक-दोन दिवसांच्या आत आले. यंदाच्या अधिक ज्येष्ठानंतर ही जोडी फुटेल: 2027 मध्ये ईद मार्चच्या दहा तारखेच्या आसपास आणि पाडवा 7 एप्रिलला. पट्टीवर या दोन ओळी मिळताना आणि सुटताना दिसल्या की मुलं आपणहून विचारतील. गोष्ट तेव्हा सांग, आधी नाही.

ईदच्या तारखेखाली मात्र ‘चंद्रदर्शनानुसार’ असं लिहायला विसरू नकोस. ती एक दिवस इकडेतिकडे होते आणि मुसलमान मुलं ते आधी बघतात.

आता एक्सप्लोरेशन. एका नाक्षत्र सौर वर्षात 12.3687 चांद्रमास बसतात (365.2564 भागिले 29.5306). पूर्णांक सोडला तर 0.3687 उरतो. त्याचा वितत अपूर्णांक (छेदात पुन्हा अपूर्णांक, अशी साखळी) मांडलास की जवळची गुणोत्तरं क्रमाने 1/2, 1/3, 3/8, 7/19 अशी येतात. 19 वर्षांत 7 अधिक मास हे जे पंचांगवाले सांगतात, ते इथे तुझ्या हाताने निघतं. मग चूक मोज: 235 चांद्रमास म्हणजे 6939.69 दिवस, 19 सौर वर्षं म्हणजे 6939.87 दिवस. फरक दिवसाच्या पाचव्या हिश्शाहून कमी. वेगळ्या वर्षमानाने हे सगळं पुन्हा केलंस तर काय बदलतं, हा प्रश्न शेवटच्या पानांसाठी ठेव.

कुठे फसायला होतं तेही सांगते. एक्सप्लोरेशन 20 गुणांचं, अंतिम गुणांत त्याचा वाटा 20 टक्के, लांबी 12 ते 20 पानं. वीस गुणांपैकी गणिताच्या वापराला 6 आहेत. पहिली चार पानं शालिवाहन, प्रभू राम आणि ब्रह्मदेव यांच्यावर गेली तर ती परीक्षकाच्या दृष्टीने कोरी पानं. ‘वैयक्तिक सहभाग’ या निकषाचे 3 गुण ‘मी मराठी आहे आणि मला पाडवा आवडतो’ म्हटल्याने मिळत नाहीत. प्रश्न तुझा हवा, मांडणी तुझी हवी, आणि एखादी वाट चुकली म्हणून सोडली असशील तर तीही दिसायला हवी. शिक्षकांना लेखी शेरे एकाच मसुद्यावर देता येतात. अर्धवट मसुदा देऊन ती संधी घालवू नकोस.

तारखा एकाच गावाच्या पंचांगातून घे. यंदाची अमावास्या हेगच्या घड्याळाने 19 मार्चच्या पहाटे 2 वाजून 23 मिनिटांनी संपते. पुण्यात तेव्हा 6:53 झालेले असतील, म्हणजे सूर्योदय नुकताच होऊन गेलेला. इथे प्रतिपदा सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपते, म्हणून तिचा क्षय. तुमच्याकडे तीच तिथी सूर्योदयाला धरून आहे. सण एकाच तारखेला, पण कारण वेगळं. दोन ठिकाणची पंचांगं एकाच तक्त्यात मिसळलीस तर अशा ठिकाणी आकडे जुळणार नाहीत आणि चूक कुठे आहे तेही सापडणार नाही. आणखी एक: भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र 1 हा 22 मार्चला असतो, लीप वर्षी 21 ला. शकाचं नाव तेच, यंदा 1948, पण ते कॅलेंडर सौर आहे. पाडव्याशी त्याची गल्लत करू नकोस.

कामं वेगळ्या वह्यांत ठेवायचं कारण हे: ज्या कामाला आयबीचे गुण मिळतात, ते कॅसमध्ये (आयबीतल्या वर्गाबाहेरच्या उपक्रमांत आणि सेवाकार्यात) धरता येत नाही. म्हणून गणित एक्सप्लोरेशनमध्ये, आणि टेबल उभारणं, माणसं जमवणं, स्वयंपाक हे कॅसमध्ये. कॅसचा प्रकल्प म्हणून नोंदवायचा असेल तर तो किमान एक महिना चालायला हवा आणि इतरांबरोबर केलेला हवा. आज 8 तारीख आहे. या आठवड्यात पहिली बैठक घेतलीस तर 19 मार्चपर्यंत महिना सहज भरतो. नोंदी त्या त्या दिवशी लिही. मार्चअखेर एका रात्रीत लिहिलेल्या सहा नोंदी वाचताक्षणी ओळखू येतात.

टीओकेच्या (आयबीतल्या ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या विषयाच्या) तीन वस्तूंच्या प्रदर्शनासाठी गुढी घ्यायचा मोह होईल. घे, पण ‘गुढी’ नावाची कल्पना घेऊ नकोस. 19 मार्चला शाळेत उभा राहिलेला, पोचे पडलेला तो एक तांब्याचा गडू, अशी एकच वस्तू घे. तिन्ही वस्तूंना प्रश्न एकच लागतो आणि सगळं मिळून 950 शब्दांत बसवायचं असतं. इंटरनेटवरून उतरवलेला कुठल्यातरी गुढीचा फोटो इथे हमखास गुण घालवतो.

फलकावर ‘भारतीय नववर्ष’ लिहू नका. तुमच्या गटातल्या गुजराती मुलाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं, तमिळ मुलीचं 14 एप्रिलला. ‘गुढीपाडवा, युगादी, संवसर पाडवो’ अशी तिन्ही नावं घाला म्हणजे तेलुगू, कन्नड आणि गोव्याची मुलंही येतील. सुरीनामी हिंदुस्तानी मैत्रिणींना पाडवा माहीत असेल असं धरून चालू नकोस. त्यांचे पूर्वज 1873 पासून कलकत्त्याहून जहाजाने सुरीनामला गेले. त्यातले बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, म्हणून त्यांचा मोठा सण फगवा, म्हणजे होळी. केशर, वेलदोडा, कुंकू यांसाठी बाबांबरोबर पॉल क्रुगरलानवरच्या त्यांच्याच दुकानांत जा.

गुढीची काठी बागकामाच्या दुकानात मिळेल. बांबू 180 सेंटिमीटर उंच आणि किमान 20 मिलिमीटर जाड घे. त्याहून बारीक काठी गडूच्या वजनाने वाकते. साडी नको, ती जड होते आणि वाऱ्यात शिडासारखी फुगते. खणाचा तुकडा पुरे. आधी काठीच्या टोकाला फडकं गुंडाळ म्हणजे गडू खुळखुळणार नाही. मग खणाच्या निऱ्या घालून सुतळीने बांध, त्याच गाठीत साखरेची गाठी आणि हार अडकव, आणि गडू सगळ्यात शेवटी पालथा घाल. बुडाला छत्रीचा जड स्टँड किंवा दहा-बारा किलो वाळूची बादली. दिवा, कापूर, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. धुराच्या एका भोंग्याने सगळी शाळा मैदानात उभी राहील.

कडुनिंब आणि आंब्याचे डहाळे मी पाठवणार नाही. प्रमाणपत्राशिवाय पानं युरोपात नेता येत नाहीत, दुधाचे पदार्थही नाहीत, त्यामुळे पेढे विसर. आंब्याच्या पानांसारखी दिसणारी चेरी लॉरेलची पानं तिथल्या कुंपणांत सर्रास असतात, पण ती विषारी. खाण्याच्या टेबलाजवळ ती नकोतच. कडूपणासाठी विटलोफ (तिकडची कडसर पानांची गड्डेवाली भाजी) वापर: सात गड्डे आण, एकेकाची आठ-नऊ पानं निघतात, प्रत्येकात चिंच-गूळ-जिऱ्याचं बोटभर चाटण. हे कडुनिंबाऐवजी आहे, असं चिठ्ठीवर स्पष्ट लिही. चाटणात हिंग घालू नकोस. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा असतो आणि मग ग्लूटेनची पाटी लावावी लागते.

श्रीखंड साठ वाट्या, प्रत्येकी 50 ग्रॅम. दहा टक्के स्निग्धांशाचं ग्रीक पद्धतीचं दही अडीच किलो आण, रात्रभर फ्रिजमध्येच टांगून ठेव. साधारण 1.8 किलो चक्का उरतो. त्यात 1.2 किलो साखर मिसळून अर्धा तास तसंच ठेव आणि मग चाळणीतून घास. साखर विरघळली की श्रीखंड सैल होतं, म्हणून चक्का आधी वाटतो त्याहून घट्ट हवा. बिनसायीचं क्वार्क (चक्क्यासारखं मऊ ताजं चीज) स्वस्त पडतं, पण श्रीखंड पिठूळ होतं. डब्यावर जिलेटिन लिहिलेलं असेल तर तो डबा परत ठेव. शाकाहारीच नाही, मुसलमान आणि ज्यू मुलंही खाणार नाहीत. केशर एक ग्रॅम, दोन चमचे कोमट दुधात. वेलदोडा दोन छोटे चमचे. कुणाला ॲलर्जी असू शकते, म्हणून चारोळी, पिस्ते अजिबात नकोत, वेगळ्या वाटीतही नकोत, कारण चमचे एकमेकांत जातातच. वाट्या सात अंशांखाली ठेव आणि एका वेळी वीसच बाहेर काढ. बऱ्याच मुलांचा 19 तारखेला रोजा असेल, तेव्हा निम्म्या वाट्यांना झाकणं लाव. ती मुलं घरी नेतील, सूर्यास्त सातच्या सुमारास आहे.

कुणीतरी विचारेलच की गडू पालथा का. एकच उत्तर ठाम सांगू नकोस. विजयाची, रामाच्या परतण्याची, सृष्टीच्या आरंभाची अशा वेगवेगळ्या कथा घराघरांत सांगतात. ‘आमच्याकडे असं सांगतात’ एवढंच म्हण.

पार्सल सोमवारी निघेल. त्यात खण दोन, गडू एक, सुतळी, कुंकवाची डबी, आणि साखरेच्या गाठी पाच, बटर पेपरमध्ये वेगवेगळ्या गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून डबा 19 च्या सकाळीच उघड. गुढी शाळेतून निघायच्या आधी उतरव. रात्रभर तशीच सोडायची नसते, आणि शिपायांना त्या गाठीचं काय करायचं ते कळणार नाही.

तुझी,
आई