सुमे, तो डबा परत कर

गंगापूर रोड, नाशिक
१७ जानेवारी

प्रिय सुमे,

डब्याचा फोटो पाहिला. हाडं मजबूत करायच्या पावडरीला साडेतीन हजार? अगं, तेवढ्यात वर्षभराची नाचणी येईल! १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि तिला जाहिरात लागत नाही.

दाताच्या इम्प्लांटच्या आधी, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवण्याआधी, काय घ्यावं, असं विचारलंयस. माझी खालची दाढ गेली तेव्हा मीही हेच विचारत होते. तो स्क्रू कुणी चिकटवत नाही, टायटॅनियमभोवती हाडच येऊन बसतं. ब्रेनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरला हे सशांच्या पायात कळलं, १९५० च्या दशकात. हाडात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा निघता निघेना! पण पाळी गेल्यावर आपल्या बायकांच्या अंगात हाड खाणाऱ्या पेशी जोरात आणि भरणाऱ्या मंद. माझ्या मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे हाडाच्या घनतेचा आकडा, उणे २.८ आला. उणे २.५ पासूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं, धरतात. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाई कसली, आधी व्हिटॅमिन डी बघू." निघालं ११, फारच कमी. एवढ्या उन्हाच्या गावात राहून! मग आठवड्याला ६० हजार युनिटचं एक सॅशे, आठ आठवडे, आणि त्यानंतर स्क्रू.

भाचा फार्मसी शिकतोय. म्हणाला, "आत्या, द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल असतं, त्यानं इम्प्लांटभोवती हाड चांगलं भरतं." नाशकात द्राक्षांना काय तोटा, मी खूश. विचारलं, कुणाचं भरलं? तर म्हणे, उंदरांचं. मॅग्नेशियम, व्हिटॅमिन के यांचंही बरंचसं तसंच. प्राण्यांत बरं दिसतं, माणसांत पुरावा तुटपुंजा. उणीव असेल ती भरायची. नसलेली भरायला साडेतीन हजार कशाला?

आता माझा मूर्खपणा ऐक, कुणाला सांगू नकोस. हाडांची झीज रोखणारी, आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी मी सहा महिने दुधाबरोबर घेत होते, वर लगेच कॅल्शियमची. कॅल्शियम तिला पोटातच अडवतं, अंगाला लागतच नाही! ती अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम नंतर, जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. तूही तीच गोळी घेतेस ना? मग दातांच्या डॉक्टरांना आधी सांग. त्या गोळीनं क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. आपल्या मनानं बंदही करू नकोस हं, तुला ती खोड आहे.

स्क्रूभोवती हाड धरायला खालच्या जबड्याला एरवी तीन महिने पुरतात, बाईंनी मला पाच थांबवलं. मी कुरकुरले. परवा संक्रांतीला तिळाचा कडक लाडू त्याच बाजूनं फोडला.

डीचा रिपोर्ट आला की आकडा कळव. डबा फोडला नसशील तर आजच दुकानात टाक, पावती जपून ठेवली असशील तर.

तुझी,
मंगल