गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नाही

महोदय,
गिअर पडेना म्हणून गाडी गॅरेजला नेली की वरवर बघून "क्लच प्लेट गेली" नाहीतर "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे उत्तर ठरलेलं. आमच्या शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं होतं आणि शेवटी निघालं काय, तर गिअर केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश (केबल जिथे जोडतात तिथली छोटी कडी) झिजलेलं.

बऱ्याच जणांना वाटतं की आपण हलवतो तो दांडा थेट गिअरबॉक्समध्ये घुसलेला असतो. इंजिन पुढे आणि मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर बऱ्याचदा असतोही. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन बॉनेटखाली आडवं, गिअरबॉक्स त्याच्या बाजूला, त्यामुळे दांड्यापासून तिथपर्यंत दोन केबल नेलेल्या असतात. एक सिलेक्ट केबल, दांडा डावी-उजवीकडे नेला की आतला कुठला फोर्क (गिअर गुंतवणारा काटा) धरायचा ते ही ठरवते, आणि दुसरी शिफ्ट केबल, दांडा पुढेमागे केला की तोच फोर्क सरकवते. मारुती ८०० मध्ये हेच काम रॉड करायचे आणि जुन्या पद्मिनीत तर दांडाच स्टेअरिंगला होता!

आता सिलेक्ट केबल निसटली तर आतली स्प्रिंग सगळं मधे आणून ठेवते, म्हणून बहुतेक गाड्यांत फक्त तिसरा आणि चौथा पडतो, पहिला-रिव्हर्स विसराच. शिफ्ट केबल गेली तर दांडा नुसता लुळा हलतो आणि गिअर होता तिथेच राहतो. यात गिअरबॉक्सचा काय दोष?

तपासायलाही सोपं आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर संशय क्लचवर. बंद असतानाही दांडा ढिला किंवा अडकत असेल तर इंजिन बंदच ठेवून कुणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर पूर्ण हलतोय का ते बघा (बऱ्याच गाड्यांत तो बॅटरी नाहीतर एअर फिल्टरखाली दडलेला असतो). नसेल हलत तर आधी केबल आणि बुश बघायला सांगा, मग बाकीचं.

ड्रायव्हिंग स्कूलवाले गिअर कुठे कुठे पडतात त्याचा इंग्रजी एच काढून दाखवतात, त्याच्या खाली काय चालतं ते कुणीच सांगत नाही. तुमच्या वाहन पुरवणीत टचस्क्रीन आणि सनरूफची वर्णनं खूप येतात, एखाद्या आठवड्यात त्या जागी या दोन केबलची आकृती छापा की.

— एक वाचक, चिंचवड