प्रात्यक्षिकाच्या जर्नलऐवजी शेलची नोंद ग्राह्य धरावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील पदवी आणि पदविका महाविद्यालयांत आता पायथन ही संगणक प्रोग्रामिंगची भाषा बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तिच्या प्रात्यक्षिकाचा तास ज्या रीतीने पार पडतो त्याबद्दल काही लिहावे, असे या विषयाचा अध्यापक म्हणून मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. विद्यार्थी फाईल उघडतो, मॅन्युअलमधला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप करतो, तो चालवतो, पडद्यावरचे उत्तर जर्नलमध्ये उतरवतो आणि सही घेऊन मोकळा होतो. एक ओळ लिहावी, एंटर दाबावे आणि तत्काळ उत्तर मिळावे अशी सोय असलेला संवादी शेल भाषेबरोबरच येतो, पण तो या सगळ्यात उघडलाच जात नाही आणि उघडला तरी दोन आकड्यांची बेरीज करून बंद होतो. त्या शेलमध्ये काम सोपे करणाऱ्या ज्या आखूड कमांड आहेत, त्या तर बहुतेकांच्या कानावरही आलेल्या नसतात. माझ्या मते प्रात्यक्षिकाची सुरुवातच या कमांडपासून व्हावी आणि हाताने उतरवलेल्या जर्नलच्या जागी शेलने स्वतः लिहिलेली नोंद परीक्षेत ग्राह्य धरली जावी.

पायथनचा मूळ शेल साधा आहे. त्याला जोड म्हणून २००१ साली फर्नांडो पेरेझ या कोलंबियन भौतिकशास्त्रज्ञाने, कोलोरॅडो विद्यापीठात पीएच.डी.चे संशोधन करत असताना, ‘आयपायथन’ हा अधिक सोयीचा शेल लिहायला घेतला. त्याची पहिली आवृत्ती जेमतेम अडीचशेच्या आसपास ओळींची होती. याच कामातून पुढे २०१४ मध्ये ‘ज्युपिटर’ हा प्रकल्प वेगळा झाला, ज्याच्या नोटबुकवर, म्हणजे कोड आणि त्याची उत्तरे एकत्र दाखवणाऱ्या पानांवर, आज जगभर डेटा सायन्स शिकवले जाते. आयपायथनमध्ये टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या कमांडना ‘मॅजिक’ म्हणतात. असा प्रकार केवळ पायथनपुरता नाही. हॅस्केल या भाषेच्या शेलमध्ये अपूर्णविरामाच्या चिन्हापुढे एक अक्षर लिहिले की एखाद्या पदाचा प्रकार (आकडा, मजकूर वगैरे) कळतो, आणि २०१७ मध्ये जावा या भाषेच्या नवव्या आवृत्तीबरोबर आलेल्या जेशेल या शेलमध्ये अशा कमांड तिरक्या रेघेने सुरू होतात. (कमांडची नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे, कीबोर्डवर ती अर्थातच रोमन लहान अक्षरांत टाइप करावयाची आहेत.)

आयपायथनच्या कमांडमध्ये सर्वांत उपयोगी कमांड एका चिन्हाची आहे. कोणत्याही नावापुढे प्रश्नचिन्ह लिहून एंटर दाबले, की त्या फंक्शनला (ठरावीक काम करणाऱ्या, नाव दिलेल्या कोडला) कोणती मूल्ये द्यावी लागतात आणि ते काय करते हे त्याच खिडकीत दिसते. दोन प्रश्नचिन्हे लिहिली, तर ते फंक्शन पायथनमध्ये लिहिलेले असल्यास त्याचा मूळ कोडही समोर येतो. नाव अर्धवट आठवत असेल तर तारकाचिन्हे लावून ‘*फाइंड*?’ अशा धर्तीवर शोध घेता येतो. यांपैकी कशालाही इंटरनेट लागत नाही. ज्या भागात तासाच्या मध्यावर नेटवर्क जाणे ही रोजची बाब आहे आणि ज्या लॅबमध्ये वीस संगणकांमागे एकच संथ जोडणी आहे, तेथे भाषेचे संपूर्ण साहाय्य संगणकातच बसलेले असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही आमचे विद्यार्थी नेट येण्याची वाट पाहत बसतात, कारण प्रश्नचिन्हाची ही सोय त्यांना कोणी दाखवलेली नसते.

दुसरे उदाहरण आपल्याच भागातले घेतो. पावसाळ्यात महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे जाहीर होतात आणि एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर तेथे अतिवृष्टी झाल्याचे धरले जाते. समजा, हे आकडे वाचून त्यांची यादी तयार करणारी एक लहान फाईल विद्यार्थ्याने लिहिली. शेलमध्ये ‘%रन’ देऊन त्याने ती चालवली, तर फाईल संपल्यानंतरही ती यादी शेलमध्ये शिल्लक राहते आणि मग तिला एकामागून एक प्रश्न विचारता येतात: पासष्टच्या वर किती मंडळे, त्यांची सरासरी किती, सर्वांत कमी पाऊस कोठे. मागचे उत्तर एका अधोरेघेत साठलेले असते, त्यामुळे ते पुन्हा टाइप करावे लागत नाही, आणि आतापर्यंत कोणकोणती नावे तयार झाली हे ‘%हूज’ या कमांडने एका तक्त्यात दिसते. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून यादीला ‘पाऊस’ असे मराठी नाव दिले तरी चालते. तेच काम फाईलमध्ये करायचे म्हटले तर प्रत्येक प्रश्नासाठी नवी प्रिंटची (उत्तर पडद्यावर दाखवणारी) ओळ आणि पुन्हा पहिल्यापासून चालवणे आले. तेवढ्यात विद्यार्थ्याचा तिसरा प्रश्न मनातल्या मनातच विरून जातो.

आता याच आकड्यांच्या फाईलमध्ये एखाद्या मंडळापुढे शून्याऐवजी ‘निरंक’ असा शब्द आला असेल, आणि सरकारी तक्त्यांत तो येतोच, तर प्रोग्राम तेथे अडतो. (देवनागरी अंकांत लिहिलेली ‘१२’ ही अक्षरमाला पायथन बिनतक्रार आकड्यात रूपांतरित करतो, ‘निरंक’ मात्र त्याला समजत नाही.) लालभडक ओळींचा तो ढीग पाहून विद्यार्थी शिक्षकाला हाक मारतो आणि शिक्षक जागोजागी प्रिंट लिहायला सांगतात. त्याऐवजी लगेच ‘%डीबग’ लिहिले तर प्रोग्राम ज्या ओळीवर अडला त्याच ओळीवर, त्या क्षणीच्या सर्व मूल्यांसह थांबलेला मिळतो. तेथे ‘पी’ या अक्षरापुढे नाव लिहिले की मूल्य दिसते, ‘यू’ने ज्या फंक्शनने हाक दिली त्यात वर जाता येते, ‘डी’ने खाली येता येते, ‘क्यू’ने बाहेर पडता येते. माझ्या अनुभवात चार अक्षरांची ही विद्या ज्या वर्गाला पहिल्या महिन्यात मिळते, त्या वर्गात चुकीची भीती लवकर ओसरते. अभ्यासक्रमात मात्र डीबगिंगचे, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करण्याचे, प्रकरण, असलेच तर, शेवटच्या युनिटमध्ये असते आणि तोपर्यंत परीक्षेचे वेध लागलेले असतात.

वेगाच्या बाबतीतही हेच. लिस्ट (क्रमाने ठेवलेली यादी) आणि सेट (क्रम नसलेला संच) या मूल्ये साठवण्याच्या दोन प्रकारांतील फरक आम्ही फळ्यावर तक्ता आखून शिकवतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात. मराठवाड्यात आठ हजारांहून अधिक गावे आहेत. त्यांची नावे एकदा लिस्टमध्ये आणि एकदा सेटमध्ये भरावीत, शेवटचे गाव यादीत आहे का हा प्रश्न दोन्हींना विचारावा आणि त्याआधी ‘%टाइमइट’ लिहावे. ही कमांड तीच ओळ कितीदा चालवायची हे स्वतः ठरवते, मोजणीच्या सात फेऱ्या घेते आणि सरासरी वेळ प्रमाण विचलनासह सांगते. लिस्ट एकेक नाव तपासत शेवटपर्यंत जाते, त्यामुळे तिचे उत्तर मायक्रोसेकंदांत मोजावे लागते. सेट हॅशच्या, म्हणजे नावावरून काढलेल्या आकड्याच्या, आधारे थेट जागेवर पोहोचतो, त्यामुळे त्याचे उत्तर नॅनोसेकंदांत येते. हा फरक एकदा स्वतःच्या मोजणीने दिसला की तक्ता पाठ करण्याची गरजच उरत नाही.

आता जर्नलविषयी. सत्राच्या आरंभी ‘%लॉगस्टार्ट’ ही कमांड दिली, तर त्यापुढे लिहिलेली प्रत्येक ओळ आपोआप एका फाईलमध्ये उतरत जाते. तिला ‘-ओ’ हा पर्याय जोडला तर उत्तरेही येतात आणि ‘-टी’ जोडला तर प्रत्येक ओळीची वेळही येते. जे करायचे विसरले असेल त्यासाठी ‘%हिस्ट्री’ आहे, आणि आयपायथन हा इतिहास संगणकावर साठवून ठेवत असल्यामुळे मागच्या आठवड्याच्या सत्रातली ओळसुद्धा ‘-जी’ या पर्यायाने शोधून काढता येते. निवडक ओळी ‘%सेव्ह’ने वेगळ्या फाईलमध्ये ठेवता येतात. म्हणजे विद्यार्थ्याने काय विचारले, कोठे चुकला, चुकलेली ओळ पुढे कशी सुधारली, याचा पूर्ण मागोवा कोणतेही वेगळे श्रम न घेता तयार होतो. आज आमच्याकडे जी जर्नले तपासायला येतात, त्यांत सर्वांचे उत्तर एक, सर्वांचा समास एक आणि प्रसंगी शुद्धलेखनाची चूकही एकच असते. चुकलेली ओळ तर त्यांत कधीच नसते. शिक्षकाला विद्यार्थ्याची समज नेमकी त्या चुकलेल्या ओळींत दिसते, आणि त्याच आपण पुसून टाकायला शिकवतो.

यावर काही सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. टक्क्याने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे पायथन नव्हे; त्या साध्या फाईलमध्ये लिहून चालवल्या तर सिंटॅक्स एरर (भाषेच्या नियमांची चूक) येतो, आणि नवख्या मुलाचा त्यामुळे गोंधळ होतो. हे खरे आहे, म्हणूनच भाषा कोणती आणि शेलची सोय कोणती ही सीमारेषा पहिल्याच तासाला स्पष्ट सांगावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेलमध्ये जुनी नावे रेंगाळतात, ओळी मागेपुढे चालवल्या जातात, आणि समोर दिसणारे उत्तर पंधरा ओळींपूर्वीच्या विसरलेल्या मूल्यावर उभे असू शकते. नोटबुक वापरणाऱ्यांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे. त्यावर ‘%रीसेट’ने सर्व नावे पुसून फाईल पुन्हा पहिल्यापासून चालवण्याची सवय लावणे हाच उपाय आहे, आणि ती सवय परीक्षेचा भाग केल्याशिवाय लागणार नाही.

यंत्रसामग्री जुनी आहे, ही सबब मात्र मला पटत नाही. अनेक लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे आणि पायथन ३.९ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, हे खरे, पण ३.८ चालते आणि तिच्यासाठी आयपायथनची ८.१२ ही आवृत्ती उपलब्ध आहे. इंटरनेट असलेल्या, पण तशाच विंडोज ७ आणि ३.८ च्या एका संगणकावर ‘पिप डाउनलोड’ या पॅकेजे उतरवून घेणाऱ्या कमांडने सर्व पॅकेजे पेनड्राइव्हवर घेतली, की बाकीच्या संगणकांवर ती जोडणीशिवाय बसवता येतात. जेथे अ‍ॅनाकोंडा हा पायथन आणि त्याची साधने एकत्र देणारा संच आधीपासून आहे, तेथे काहीच बसवावे लागत नाही. त्यातील स्पायडर या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची खालची खिडकी म्हणजे आयपायथनच आहे. ज्यांच्याकडे नवे संगणक आहेत त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले पायथन ३.१३ घ्यावे: त्याच्या मूळ शेलमध्येच अनेक ओळी एकत्र दुरुस्त करण्याची सोय असून एफ१ कळीवर मदत, एफ२ वर इतिहास आणि एफ३ वर मोठा मजकूर पेस्ट करण्याची व्यवस्था आहे.

राहिला प्रश्न नक्कलेचा. लॉगची, म्हणजे शेलने लिहिलेल्या नोंदीची, फाईल साधा मजकूर आहे. तीही पेनड्राइव्हवरून फिरेल आणि तिच्यातील वेळाही बदलता येतील. त्यामुळे केवळ फाईल जमा करून घेण्यात अर्थ नाही. अभ्यासमंडळांना माझी विनंती अशी आहे की पायथनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी परीक्षेचे गुण संगणकासमोरच द्यावेत: बाह्य परीक्षकाने विद्यार्थ्याला रिकामा शेल उघडायला सांगावे, लॉग सुरू करून घ्यावा, त्याने पूर्वी न पाहिलेली एक लहान डेटा फाईल द्यावी, तिच्याविषयी तीन प्रश्न विचारावेत आणि पंधरा मिनिटांनी तयार झालेली नोंद चुकलेल्या ओळींसह उत्तरपत्रिकेला जोडावी.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक,
परभणी