नाव न सांगणाऱ्यांचे आभार

माझा धाकटा भाऊ गर्दच्या व्यसनातून बाहेर आला, पण त्यासाठी झटलेल्या अनेकांची आडनावंही आम्हाला ठाऊक नाहीत. नशा सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसची रीतच तशी, १९५३ साली कॅलिफोर्नियात सुरुवात झाली तेव्हापासूनची. रात्री-अपरात्री त्याचा फोन उचलणारे दादा, मीटिंगआधी सतरंज्या घालून चहा ठेवणारे काका, तुमचे मनापासून आभार.

व्यसनमुक्ती वॉर्डातल्या सिस्टरांचे तर फारच. घरी सोडताना त्यांनी आईला बजावलं होतं: काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, मग जुन्या मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो. घसरला तर लपवू नका, लगेच घेऊन या. तो घसरला, आणि आम्ही नेलं. (नातेवाईक ‘वाया गेला’ म्हणून मोकळे झाले होते!)

कायमचं सुटतं का, असं लोक अजून विचारतात. सुटतं. वर्षानुवर्षं न घेतलेली माणसं तुमच्यातच पाहिली. फक्त तीही मीटिंग चुकवत नाहीत. आता भाऊ नव्या पोरांना आणायला स्टेशनवर जातो, म्हणून गुरुवारी आमची जेवणं उशिरा होतात. त्याबद्दलही आभारच.